अभ्रक जेवतो केव्हा?

मालिका लिहिणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपण होऊन घरी येतात, बहुधा रागावलेले असतात आणि चहा घेतल्याशिवाय जात नाहीत. मी चौदा-पंधरा वर्षं एका उडणाऱ्या माणसाची चित्रकथा लिहिली. त्या काळात त्याने किती दुष्टांना पकडलं ते मी विसरलोय. पण कोणी मला रस्त्यात थांबवून काय ऐकवलं ते शब्दन् शब्द आठवतं, आणि खरं सांगायचं तर निम्म्या गोष्टींचा राग अजून गेलेला नाही.

आधी थोडी ओळख करून देतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी देवासला विजेच्या मोटर बनवणाऱ्या एका कारखान्यात वाइंडिंग खात्यात होतो. तिथे तारांच्या गुंडाळ्यांवर अभ्रकाची पट्टी लपेटतात, म्हणजे करंट बाहेर येत नाही आणि तार तापली तरी पट्टी जळत नाही. दिवसभर ती चमक बोटांना लागलेली असायची. एकदा हात धुताना वाटलं, अख्खा माणूसच असा असला तर? झालं. सदा नावाचा एक वायरमन कारखान्याच्या भट्टीत अडकतो, अभ्रकाच्या ढिगासकट भाजून निघतो आणि बाहेर येतो तो अभ्रक होऊन. आग त्याला जाळत नाही, वीज त्याच्यातून जात नाही. अंगावर कोळशाची पूड पडली तरच तो दुबळा होतो. आणि तो उडतो. उडतो कसा, हे मलाही माहीत नव्हतं. चौदा वर्षांत ते मला कोणी विचारलं नाही. बाकी सगळं विचारलं.

आप्पा नावाचे एक वयस्क गृहस्थ देवासहून मराठी साप्ताहिक काढायचे. मुंजी-लग्नाच्या बातम्या, मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे वृत्तांत, राशिभविष्य आणि शेवटच्या पानावर सहा चौकटींत अभ्रक. चित्रं काढायचा माझा मित्र गजूभाऊ. तो धारला शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. मी गोष्ट लिहायचो, इंदूरमार्गे धारला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवायचो आणि चित्रं तशीच परत यायची. शनिवारी अंक निघायचा. सोमवारपासून माझे हाल सुरू.

* * *

पहिली तक्रार कारखान्यातूनच आली. आमचे पर्सोनेल मॅनेजर देशमुखसाहेब साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. अभ्रकच्या जन्माचा भाग छापून आला आणि सोमवारी मला बोलावणं आलं.

टेबलावर अंक पसरलेला. साहेबांनी भट्टीच्या चौकटीवर बोट ठेवलं.

“हा कारखाना आपलाच आहे ना?”

“नाही साहेब. काल्पनिक आहे.”

“गेट आपलं आहे. गेटजवळचा कडुनिंबसुद्धा आपलाच आहे.”

गजूभाऊ एकदा मला भेटायला आला होता, तेव्हा बाहेर उभं राहून त्याने जे पाहिलं तेच काढलं होतं. मी म्हणालो, “कडुनिंब कुठेही असतो, साहेब.”

“ते राहू द्या. माणूस भट्टीत अडकला. ओव्हनमध्ये कामगार अडकला म्हणजे ॲक्सिडेंट. त्याचा रिपोर्ट कुणी केला?”

“कुणी नाही. तो उडून गेला.”

“तेच म्हणतोय मी. जखमी कामगार रिपोर्ट न करता ड्यूटीवरून उडून गेला, आणि त्या दिवसाची त्याची हजेरी लागलीय का, हेही तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. उद्या कोणी इन्स्पेक्टर हे वाचेल.”

मला वाटलं साहेब थट्टा करताहेत. ते मुळीच करत नव्हते. पुढच्या अंकात मला पहिली चौकट खर्च करून दाखवावं लागलं की सदा कारखान्यात जाऊन आपला अपघात रीतसर नोंदवतो आणि राजीनामा देतो. जगात दुसऱ्या कुठल्या महाशक्तिमान पुरुषाने राजीनामा दिला असेल असं मला वाटत नाही. साहेबांनी मात्र कँटीनमध्ये सर्वांसमक्ष मला सांगितलं, “आता गोष्ट जमली.”

* * *

धारच्या कमलामावशींची गाठ पडली ती सहा-सात महिन्यांनी. त्या गजूभाऊच्या शेजारी राहायच्या. त्यांचे सासरे संस्थानच्या काळात अधिकारी होते. आता घरालगतच्या दत्तमंदिराची पूजा त्यांच्याकडे होती. सत्तरीकडे झुकलेल्या, ताठ बसणाऱ्या आणि आपल्या आजीकडून शिकलेलं मराठी जसंच्या तसं बोलणाऱ्या. मी गजूभाऊकडे आलोय हे कळलं तशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

“अभ्रक तूच लिहितोस ना?”

मी नम्रपणे हो म्हणालो. कौतुक ऐकायच्या तयारीने बसलोही.

“तो उडतो, ते आम्ही मान्य केले. विस्तव त्याला लागत नाही, तेही मान्य केले. पण विनायका, अर्धे वर्ष होत आले. हा मुलगा जेवतो केव्हा?”

“मावशी, सहा चौकटी असतात फक्त. जेवण दाखवायला जागा कुठे आहे?”

“पाचांत मारामारी करू दे. एकीत जेवू दे.”

“पण घरी त्याला वाढायला कोणी नाही. तो अनाथ आहे.”

“हे कोणी ठरवले?”

“मी.”

मावशींनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. “का? त्याने तुझे काय वाकडे केले होते?”

मी गजूभाऊकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. माझी कल्पना, माझा माणूस, माझी मेहनत, आणि मी एखाद्या दुष्ट सावत्र बापासारखा मान खाली घालून बसलो होतो. परत येताना बसमध्ये मी चडफडत राहिलो, पण देवास येईपर्यंत सदाला एक यमूआत्या सुचली होती. धारलाच राहणारी. अभ्रक कुठूनही उडून येवो, शेवटच्या चौकटीत तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेला दिसेल.

मावशींचा निरोप आला: “आता बरे दिसते. चटणी डावीकडे वाढावी.”

* * *

पण आत्या आली आणि नवीन छळ सुरू झाला.

एका भागात ती अभ्रकला विचारते, “आमटीत गूळ जास्त तर नाही ना झाला?” एवढंच. एक ओळ. आमच्या वसाहतीत सगळी नोकरीसाठी आलेली घरं. आम्ही साताऱ्याकडचे, समोरचे जळगावचे, शेजारच्या वहिनी नागपूरकडच्या. सोमवारी सकाळी वहिनींनी फाटकाशीच मला गाठलं.

“काहो भाऊ, वरणात गूळ? एवढा ताकदीचा माणूस गोड वरण खातो?”

“वरण नाही वहिनी, आमटी आहे.”

“म्हणजे वरणच ना.”

समोरचे जळगाववाले गच्चीवरून म्हणाले, “त्या आत्याला एकदा शेवभाजी करायला लावा. मग बघा कसा उडतो.” कारखान्याच्या बसमध्ये तर दोन तट पडले. एक गृहस्थ मला शांतपणे म्हणाले की माळव्यात जन्म गेलेली बाई सकाळी पोह्यांवर शेव घालत नाही हे त्यांना मनापासून पटलेलं नाही, आणि त्यामुळे त्यांचा अख्ख्या मालिकेवरचाच विश्वास डळमळलाय.

त्याच भागात अभ्रकने पेटलेल्या टँकरवर पालथं पडून आग विझवली होती. गजूभाऊने त्या एका चौकटीसाठी दोन रात्री घालवल्या होत्या. त्याबद्दल एका माणसाने अवाक्षर काढलं नाही.

* * *

नितीन हा आमच्या वसाहतीतला पोरगा. तेव्हा नुकताच औषध कंपनीचा प्रतिनिधी होऊन स्कूटरवर फिरायला लागला होता. शिक्षण हिंदीत झालेलं. मराठी वाचायचा, पण शाळेत धडा वाचून दाखवावा तसं, मोठ्याने. चौकात पोहे खाताना त्याने मला गाठलं.

“भिया, एक बात सांगू? नाराज नका होऊ.”

“सांग.”

“तुमचा चोर एकदम नकली वाटतो. तो म्हणतो, ‘थांब अभ्रका, आज तुझी शंभरी भरली.’ आता देवासमध्ये असा कोणता चोर आहे? अपने यहाँ का चोर मराठीत धमकी देईल?”

मला पटलं. नको होतं, पण पटलं. पुढच्या भागापासून चोर हिंदीत बोलू लागले. मजा आली. मुलं मोठमोठ्याने ते संवाद म्हणायला लागली.

दोन आठवड्यांत मंडळाचे अध्यक्ष आप्पांच्या छापखान्यात येऊन बसले. मलाही बोलावलं होतं.

“सज्जन सगळे मराठी बोलतात आणि चोर सगळे हिंदी,” अध्यक्ष म्हणाले. “माझे दोन्ही शेजारी हिंदी बोलतात. ते माझ्याकडे अंक वाचायला मागतात. मी काय तोंड दाखवू?”

“मग चोर मराठीत बोलू देत?”

“म्हणजे चोर आपल्यातले?”

“मग त्यांनी करायचं काय?”

अध्यक्ष उठले, टोपी घातली आणि म्हणाले, “ते तुम्ही बघा. तुम्ही लेखक आहात.”

त्या संध्याकाळी मी इतका चिडलो की अभ्रकच्या सगळ्या शत्रूंची तोंडंच बंद करून टाकली. वर्षभर एकाही दुष्ट माणसाने एक शब्द काढला नाही. ते यायचे, बघायचे आणि कामाला लागायचे. मी हे सूड म्हणून केलं होतं. वाचकांनी मात्र आप्पांना येऊन सांगितलं की हल्ली चोर फारच भयंकर दाखवता, मुलं घाबरतात. नितीन म्हणाला, “भिया, अब सही पकडा.”

* * *

माझं लग्न ठरलं तेही अभ्रकमुळेच म्हणायला हवं. धारलाच मुलगी पाहायला गेलो. तिच्या वडिलांनी माझी नोकरी, घर, गोत्र काही विचारलं नाही. चहा पुढे सरकवला आणि म्हणाले, “अभ्रकच्या लग्नाचं काय?”

“अजून विचार केलेला नाही.”

“करायला हवा. आत्या थकल्या आता.”

मग त्यांनी मला आणि मुलीला गॅलरीत बोलायला पाठवलं. मुलीचं नाव शुभा. ती शाळेत गणित शिकवायची. कठड्याला टेकून ती म्हणाली, “एक विचारू? कोळशाची पूड पडली की अभ्रक दुबळा होतो, असं तुम्ही दोनदा लिहिलंत. गेल्या महिन्यात तो कोळशाच्या मालगाडीवर उभा राहून चौघांना बदडतो. तुम्ही नेहमी असं विसरता की फक्त लिहिताना?”

मी म्हणालो, “नेहमी.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मग कोणीतरी लक्षात ठेवायला हवं.”

तिने होकार दिला. त्यानंतर एकही भाग तिने वाचल्याशिवाय धारला गेला नाही, आणि एकही भाग पहिल्या झटक्यात पास झाला नाही. आप्पांनी माझ्या गोष्टीतला शब्द कधी बदलला नाही. घरात मात्र मी आयुष्यभर दुरुस्त्या करत बसलो.

* * *

आता गजूभाऊबद्दल. त्याला मांडूचे घुमट काढायला आवडायचे. लहानपणापासून तिथे सायकलने जाऊन त्याने ते गिरवले होते. त्यामुळे गोष्ट कुठेही घडो, मागे एक तरी घुमट असायचाच. देवासच्या टेकडीमागे घुमट, कारखान्यामागे घुमट. मी बोलणं सोडून दिलं होतं.

एकदा मी अभ्रकला खातेगावला पाठवलं. तिथल्या गव्हाच्या गोदामाला कोणी आग लावतं अशी गोष्ट होती. अंक निघाला आणि आठ दिवसांत खातेगावचे एक मास्तर तडक धारला गजूभाऊच्या शाळेत पोचले. आडनाव मोघे. शांत माणूस, पण फार दुखावलेला. योगायोगाने मीही तिथे होतो.

“आमच्या गावावर कधी काही छापून येत नाही,” मोघेमास्तर म्हणाले. “पहिल्यांदा आलं. मी वर्गात अंक नेला. मुलांनी विचारलं, सर, हे कोणतं गाव? आमच्याकडे घुमट कुठे आहेत?”

गजूभाऊ म्हणाला, “मग तुमच्याकडे काय आहे?”

“सोयाबीन.”

“सोयाबीन काढायला मी कला शिकलो नाही.”

हे बोलायला नको होतं. मोघेमास्तरांचा चेहरा पडला. ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, “तुम्ही पाहिलं नाहीये ना, म्हणून. या एकदा.” आणि गेले.

गजूभाऊला दोन दिवस झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो खातेगावला गेला. मास्तरांनी त्याला शेताच्या बांधावर खाट टाकून दिली. सकाळी बसला तो ऊन उतरेपर्यंत. पाऊस नुकता उघडला होता, सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं आणि त्यावरून वारा गेला की पानांची मागची फिकी बाजू वर येऊन अख्खं शेत रंग बदलायचं. हे मला त्यानेच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज वेगळा होता.

पुढच्या अंकाची चित्रं आली. सहा चौकटी सोयाबीन. एकेक पान, पानावरची लव, शेंगा. अभ्रक शोधावा लागत होता. पाचव्या चौकटीत वर कोपऱ्यात मला तो सापडला, माशीएवढा.

मी फोनवर ओरडलो, “अरे, यात मारामारी होती. ती कुठे गेली?”

“होतेय की. मागे,” गजूभाऊ म्हणाला.

“कुठे मागे?”

“सोयाबीनच्या.”

वाचकांचा संताप आप्पांनी झेलला. खातेगावहून मात्र अंकाच्या जास्तीच्या प्रती मागवल्या गेल्या. मोघेमास्तरांनी तो भाग वर्गाच्या भिंतीवर लावला, असं कळलं. लेखकाचं नाव ज्या पट्टीत असतं, ती फ्रेममध्ये बसवताना कापली गेली होती. तेही कळलं.

* * *

यमूआत्याला मी मारलं तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. खरं कारण असं की गजूभाऊ कढई आणि पाट काढून काढून कंटाळला होता आणि मलाही शेवटची चौकट मोकळी हवी होती. शुभाने मला बजावलं होतं, “करू नका. लोक सोडणार नाहीत.” मी म्हणालो, गोष्ट माझी आहे. अभ्रक बाग नावाच्या गावाला दरोडेखोरांच्या मागे गेलेला असतो आणि इकडे आत्या झोपेत जाते.

रविवारी सकाळी दारात कमलामावशी. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, दोन बस बदलून एकट्या आल्या होत्या. शुभाने पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं.

“तिला काय झाले होते?”

“हृदयविकार.”

“आधी काही त्रास?”

“नाही. अचानक.”

“गेल्या दिवाळीत तूच लिहिलेस की तिला जिना चढताना धाप लागते. डॉक्टरला का नाही दाखवले?”

मी शुभाकडे पाहिलं. तिने मान फिरवली. हे मी लिहिलं होतं आणि अर्थातच विसरलो होतो.

“हा त्या वेळी कुठे होता?”

“बागला. दरोडेखोर होते ना, मावशी.”

“तिथून उडून यायला त्याला किती वेळ लागतो?”

“फार नाही.”

“मग?”

त्याला कळलंच नाही, असं म्हणालो.

“हेच आमच्या ह्यांच्या वेळी मुलगा म्हणाला,” मावशी म्हणाल्या. “त्याला कळलेच नाही. नागपुरास होता.” आणि मग त्यांनी पाणी घेतलं.

पेला खाली ठेवून त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “झाले ते झाले. पण आता तेरा दिवस तो कोठेही उडणार नाही. घरी बसेल.”

“मावशी, दोन अंक नुसता बसून?”

“माणसे भेटायला येतील. येऊ देत.”

मला भयंकर राग आला होता. मी दोन अंक लिहायलाच नकार दिला. गजूभाऊला कळवलं, काहीही काढ. त्याने काढलं. अभ्रक भिंतीला टेकून जमिनीवर बसलाय आणि दारातून माणसं येताहेत. पूर्वी वाचवलेला टँकरचा ड्रायव्हर. डबा घेऊन शेजारीण. ज्याला मी वर्षभर बोलू दिलं नव्हतं तो एक चोर, टोपी हातात घेऊन दाराशी उभा. एकही संवाद नाही. शेवटच्या चौकटीत अभ्रकच्या गालावरची चमक तेवढी पुसट झालेली.

पंधरा वर्षांत लोकांनी सगळ्यात जास्त वाखाणले ते हे दोन भाग. अजूनही कोणी भेटलं की त्यांचंच नाव काढतं. त्यात माझा एकही शब्द नाही.

* * *

आप्पांची दृष्टी अधू झाली तेव्हा मुलगा त्यांना इंदूरला घेऊन गेला आणि साप्ताहिक बंद पडलं. निरोपाचा अंक काढू असं ठरलं होतं, तो निघालाच नाही. छापून आलेल्या शेवटच्या भागात नर्मदेच्या पुलावरून माणसांनी भरलेली बस कोसळते आणि अभ्रक ती हवेत झेलतो. खाली ‘क्रमशः’. तिथेच थांबलं सगळं.

मी वाट पाहिली. एक आठवडा गेला, महिना गेला. फाटकाशी कोणी थांबवलं नाही. कारखान्याच्या बसमध्ये मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसून पाहिलं. देशमुखसाहेब निवृत्त होऊन गेले होते, नितीन भोपाळला होता. सगळी वर्षं ज्यांनी मला सुखाने जगू दिलं नाही त्यातल्या एकालाही बसचं काय झालं हे विचारावंसं वाटू नये, याचा मला जेवढा राग आला तेवढा त्यांच्या कुठल्या तक्रारीचा आला नव्हता. शुभा म्हणाली, “तुम्हाला रागवायला नको होतं ना कोणी?” मी तिच्याशीही दोन दिवस बोललो नाही.

उन्हाळ्यात एका शनिवारी धारला गजूभाऊकडे गेलो. तो म्हणाला, “आलाच आहेस तर देवळात डोकावून ये. आत्ता मावशी तिथेच असतील.”

दुपारची वेळ होती. दत्तमंदिराच्या सभामंडपात पंधरा-वीस मुलं बसली होती. काही मराठी घरांतली, काही आजूबाजूची. आपसांत सगळी हिंदीत कुजबुजत होती. समोर मावशी, पूर्वीसारख्याच ताठ, पण आवाज बारीक झालेला. त्या सांगत होत्या, “तर त्या बसमध्ये मागच्या बाकावर मांडूचे एक म्हातारे बसले होते. त्यांच्याजवळ मांडूच्या गोरखचिंचेच्या मोठ्या फळांचे पोते होते. अभ्रक म्हणाला, आजोबा, चला, आता तुमची पाळी. ते म्हणाले, पोते घेतल्याशिवाय मी उतरणार नाही.”

“फिर?” एका मुलाने विचारलं.

“फिर काय. एका खांद्यावर बस, एका हातात म्हातारा. पोते धरायचे कशात?”

मी खांबाशी उभा होतो. मला राहवलं नाही. “मावशी, बस अजून त्याच्या खांद्यावरच आहे?”

त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं. “कोण, विनायक? ये.”

“अहो, कित्येक महिने झाले. मी असतो तर एका चौकटीत ती काठावर ठेवली असती.”

“आणि आत कोण कोण बसले होते, ते ह्यांना कसे कळले असते?”

“पण सहा चौकटींत...”

“मला चौकटी नाहीत,” मावशी म्हणाल्या. “बरीच माणसे उतरायची आहेत अजून. बस तू. मागे जागा आहे.”

मुलं सरकली. मी चपला बाहेर ठेवून आलो आणि मागच्या रांगेत मांडी घातली. माझ्यापुढे बसलेल्या एका मुलीने वळून मला न्याहाळलं आणि मोठ्याने विचारलं, “दादी, ये अंकल कौन हैं?”

मावशींनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं.

“हे?” त्या म्हणाल्या. “हे पूर्वी सांगत असत.”

आणि पोतेवाल्या म्हाताऱ्याला त्यांनी बसमधून खाली उतरवायला घेतलं.